मंदीत माणसं कमी केली तर खरंच पैसे वाचतात? पलूसच्या कारखान्यांसाठी एक हिशोब

ऑर्डर कमी झाल्या की कारखान्याच्या ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो : किती माणसं कमी करायची? पगार हा दर महिन्याला डोळ्यांत भरणारा खर्च असतो, त्यामुळे कात्री आधी तिथेच लागते. पण कपातीने पैसे किती वाचतात आणि कधीपासून वाचतात, हे मालकाला आकड्यांत दाखवणं हे मंदीतलं एचआर विभागाचं पहिलं काम आहे.

पलूसला हा प्रश्न जास्त का भिडतो?

सांगली जिल्ह्यातल्या या तालुक्यात किर्लोस्करवाडीचा पंपांचा कारखाना आहे, पलूसची एमआयडीसी आहे, कुंडलला साखर कारखाना आहे. छोट्या युनिटमध्ये एचआर म्हणजे बऱ्याचदा हजेरी, पगार आणि पीएफ सांभाळणारा एकच माणूस.

मंदी येते मात्र लांबून. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं. अशा निर्णयाचा फटका निर्यातदाराला तर बसतोच, पण त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या युनिटलाही बसू शकतो.

कपातीचा खर्च किती?

समजा, 10 वर्षं नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं आहे. कायद्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार म्हणजे 150 दिवसांची भरपाई, साधारण पाच महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी वेगळी. तिथे महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून ती पावणेसहा महिन्यांच्या आसपास जाते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कामगाराच्या पुनर्कौशल्य निधीसाठी आणखी 15 दिवसांचा पगार मालकाला भरावा लागतो.

बेरीज होते जवळपास वर्षभराचा पगार. ग्रॅच्युइटी आज ना उद्या द्यावीच लागणार होती हे खरं, पण तिच्यासाठी वेगळी तरतूद नसेल तर पैसे हातातून जातात ते नेमके मंदीच्या महिन्यांत. म्हणजे मंदी सहा-आठ महिन्यांची असेल, तर जुना कामगार काढून मालकाच्या हाती फारसं काही उरत नाही.

हिशोबात न दिसणारं नुकसान

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना उभा केला. तिथे नांगर, कडबा कापायची यंत्रं, उसाचे चरक आणि पंप तयार होऊ लागले. शेतीच्या या भागात यंत्रावर काम करणारी माणसं घडवावी लागली, आणि अशी माणसं घडायला वर्षं लागतात.

आजही तेच आहे. मोल्डर किंवा सीएनसी ऑपरेटर एकदा चाकण-भोसरीला गेला, मुलांना तिथल्या शाळेत घातलं, की ऑर्डर परत आल्यावर तो परत येईलच असं नाही. नवीन माणूस तयार होईपर्यंत माल रिजेक्ट होतो, डिलिव्हरी लांबते.

मग आधी काय करायचं?

पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्यांदा ओव्हरटाइम आणि नवी भरती थांबवायची. मग साठलेल्या रजा आणि देखभालीची कामं या काळात उरकायची. तिसरी पायरी म्हणजे एका मशिनच्या माणसाला दुसरं मशिन शिकवणं, म्हणजे जिथे काम आहे तिथे त्याला हलवता येतं.

त्यानंतरही काम नसेल तर ले-ऑफ, म्हणजे नोकरी कायम ठेवून तात्पुरतं काम थांबवणं. हंगामी नसलेल्या आणि 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. ले-ऑफ किंवा कपातीसाठी सरकारची आगाऊ परवानगी आता 300 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना लागते. आधी ही मर्यादा 100 होती.

जर्मनीने 2009 च्या मंदीत कामाचे तास कमी केले आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकारने दिला. या योजनेत एका वेळी 14 लाखांहून जास्त कामगार होते. बाजार सावरला तेव्हा कारखान्यांकडे शिकलेली माणसं तयार होती. आपल्याकडे तेवढी सरकारी मदत नाही, म्हणून तास किंवा पगार कमी करायचा असेल तर तो कामगारांशी लेखी ठरवूनच करावा लागतो.

कपात टळणारच नसेल तर?

तेव्हाही एचआरचं काम संपत नाही. साधारणपणे त्या कामात सगळ्यात शेवटी लागलेला माणूस आधी कमी करायचा, हा नियम आहे. वर्षभरात पुन्हा भरती झाली तर काढलेल्यांना प्राधान्य द्यायचं आहे, त्यामुळे त्यांची यादी आणि फोन नंबर जपून ठेवावे लागतात. ईएसआयसीच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत पात्र कामगाराला 90 दिवसांपर्यंत सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मा भत्ता मिळतो. तिची मुदत चालू आहे का हे तपासून अर्ज भरून देणं, हे अर्ध्या तासाचं काम आहे. पण कंत्राटी कामगारांना हे सांगायला बहुतेकदा कोणी नसतं, आणि काम सगळ्यात आधी त्यांचंच जातं.

शेवटचा मुद्दा बोलण्याचा. छोट्या गावात कपातीची बातमी नोटीस लागण्याआधी चहाच्या टपरीवर पोहोचते. अफवा पसरली की जे चांगले कामगार आहेत, ज्यांना दुसरीकडे सहज काम मिळतं, तेच आधी सोडून जातात. ऑर्डर किती आहे, किती महिने तग धरता येईल आणि कोणती पायरी कधी येईल, हे मालकाने आणि एचआरने समोर उभं राहून सांगितलं, तर ही गळती थांबण्याची शक्यता वाढते. त्याला पैसे लागत नाहीत.