फुकटाची वही

विद्यार्थ्याला वही आणि कंपासपेटी लागते, तशी आता इंटरनेटवरची चार साधनेही लागतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. 2020 च्या टाळेबंदीत शाळांना कुलपे लागली तेव्हा ज्या घरी फोन होता तेथील अभ्यास कसाबसा चालू राहिला, तो बहुतांशी विनामूल्य साधनांच्याच आधारावर. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात उपलब्ध होती. केंद्र सरकारचे 2017 मध्ये सुरू झालेले ‘दीक्षा’ही होते. शाळांनी मात्र जवळ केला तो व्हॉट्सॲपचा गट. त्यात गणिताची उदाहरणे, सुप्रभातीची फुले आणि उद्याच्या चाचणीची सूचना एकाखाली एक येऊन पडत. अभ्यास घरी पोचला. त्याला क्रम मात्र उरला नाही.

वास्तविक क्रम लावून देणारी चांगली साधने आहेत. ‘अँकी’चे उदाहरण घ्यावे. एका बाजूला प्रश्न व दुसऱ्या बाजूला उत्तर अशी पत्ती विद्यार्थ्याने स्वतः तयार करायची. उत्तर सहज आठवले तर ती पत्ती काही दिवसांनी पुन्हा पुढे येते, अडखळले तर लवकर येते. उजळणीत अंतर ठेवले की विस्मरण मंदावते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्येच दाखवून दिले होते. आपल्याकडच्या पंतोजींनी ते पाढ्यांच्या बाबतीत न वाचताच ओळखले होते, ही गोष्ट वेगळी! संगणकावर आणि अँड्रॉइड फोनवर हे साधन विनामूल्य मिळते, आणि तयार केलेल्या पत्त्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या यंत्रावर राहतात.

हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. ‘एडमोडो’ नावाची विनामूल्य वर्गव्यवस्था 2008 पासून अनेक देशांतील शिक्षक वापरीत होते. गृहपाठ, गुण, सूचना, सारे तिच्यावर. सप्टेंबर 2022 मध्ये ती बंद झाली. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आरोप ठेवला, की मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना जाहिरातींसाठी वापरली गेली आणि संमती मिळवण्याची जबाबदारी कंपनीने शाळांच्याच गळ्यात घातली. दंड 60 लाख डॉलरचा ठरला. कंपनीची ऐपत नाही म्हणून त्याची वसुली स्थगित राहिली. फुकटाचे मोल मुलांनी मोजले ते असे.

भारतातही 2023 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद केली आहे. पण ‘फुकट आहे, डाउनलोड करा’ एवढाच निरोप घरी येत असेल, तर पालकाने संमती कशाच्या आधारे द्यावी? मुलाच्या नोंदी कोठे राहतात, साधन बंद पडल्यास त्या परत घेता येतात काय, हे आधी शाळेला ठाऊक हवे.

यावर ‘मूडल’सारखा मुक्त प्रणालीचा मार्ग आहे. 2002 पासून ती जगभरच्या विद्यापीठांत वापरली जाते आणि तिच्यासाठी परवानाशुल्क नाही. तथापि तिला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा जाणता माणूस लागतो आणि त्या माणसाला पगार लागतो. एखाद्या खेड्यातील दोन शिक्षकी शाळेवर हा भार टाकणे अन्यायाचे होईल. जिल्हा पातळीवर एक सर्व्हर आणि दोन तंत्रज्ञ, एवढा खर्च तरी शिक्षण विभागाने अंदाजपत्रकात धरावा. फळे आणि खडूंची तरतूद आजवर सरकारच करीत आले आहे.