सोमवार, संध्याकाळी पाचपर्यंत



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. नात्यातली मुलं आणि जुने विद्यार्थी हल्ली मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. एका कंपनीची नोकरी हातात आली आहे, दोन-तीन दिवसांत हो-नाही कळवायचं आहे, आणि दुसरीकडची मुलाखत अजून व्हायची आहे. काय करू? घरातून मिळणारा सल्ला ठरलेला असतो. "आत्ता हो म्हणून दे, तिकडचं जमलं तर मग नाही कळव. कंपन्या तरी कुठे आपला विचार करतात?" मला हा सल्ला पटत नाही. त्यातलं शेवटचं वाक्य खोटं आहे असं मात्र म्हणवत नाही.

मुदत आमच्याही वेळी होतीच. मी मास्तर झालो तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता (तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला), सगळा चंद्रपूरच. नेमणुकीच्या आदेशात "सात दिवसांत रुजू व्हावे, अन्यथा आदेश रद्द समजण्यात येईल" असं छापील वाक्य असायचं. पण पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटायचं, टपाल आठ-आठ दिवस अडकायचं, आणि हे साहेबालाही ठाऊक असायचं. नदी उतरल्यावर गेलेल्या माणसाला कोणी परत पाठवलेलं मी पाहिलं नाही. आता पत्र क्षणात मोबाइलवर येतं, त्यामुळे मुदतही तासांवर आली.

या मुदतीतली गोम आमच्या वकील पुतण्याने मला समजावून सांगितली. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ठरलेली वेळ टळली की प्रस्ताव आपोआप संपतो. पण आपला होकार जाण्याआधी समोरच्याला तो केव्हाही मागे घेता येतो. म्हणजे सोमवारची मुदत दिली असली तरी रविवारी "आता नको" म्हणायला कंपनी साधारणपणे मोकळीच. बांधलेला फक्त उमेदवार! आमच्याकडे ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव करतात, तिथे निविदा भरणाऱ्या ठेकेदाराला आधी अनामत ठेवावी लागते. मागे हटला तर त्याचंही काही जातं. नोकरीच्या बाजारात कंपनीची अनामत मी तरी पाहिलेली नाही.

मागच्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीच्या नातीवर हीच वेळ आली. चंद्रपूरला शिकून इंजिनियर झालेली पोर. शुक्रवारी पुण्याच्या कंपनीचं पत्र आलं, उत्तर सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. आणि गडचिरोली जिल्ह्यातल्याच एका कारखान्यात तिची दुसरी मुलाखत गुरुवारी. पगार तिथे कमी होता, पण आई गावात एकटी, गुडघ्याने अधू. पोरीचा जीव तिकडेच. "आबाजी, हो म्हणून देऊ का? मंग पाहू." मी म्हटलं, आधी पत्र नीट वाच. बाँड आहे का, रुजू व्हायची तारीख लिहिली आहे का, नोटीस किती दिवसांची. बाँड हा नुसता धाक आहे अशी समजूत असेल तर ती सोडा. विजया बँकेतून तीन वर्षांच्या आत दुसऱ्या बँकेत गेलेल्या अधिकाऱ्याला बाँडचे दोन लाख भरावे लागले होते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट योग्य ठरवली.

मग आम्ही दोन पत्रं लिहिली. पुण्याला: आपला प्रस्ताव मला मोलाचा वाटतो, विचारासाठी शुक्रवारपर्यंत मुदत मिळावी. कारखान्याला: माझ्या हातात एक प्रस्ताव आहे, शुक्रवारी उत्तर द्यायचं आहे, तोवर आपला निर्णय कळू शकेल का? बस्, इतकंच. रडगाणं नाही, हातात नसलेल्या तिसऱ्या नोकरीच्या बाताही नाहीत. बहिणीला धास्ती, की मुदत मागितली म्हणून आहे तीही जाईल. धोका होताच, नव्हता असं कशाला म्हणू? पण सभ्य भाषेत चार दिवस मागितले म्हणून जे बिथरतात, त्यांच्याकडे पुढे आई आजारी पडल्यावर रजा कशी मागणार?

पुण्याने शुक्रवार दिला. कारखान्याने मुलाखत घेतली, पण "निर्णयाला तीन आठवडे लागतील" म्हणाले. शुक्रवारी सकाळी तिने पुण्याला होकार कळवला आणि त्याच तासात कारखान्याला "माझं नाव यादीतून काढावं" असं लिहिलं. हे दुसरं पत्र लिहिताना रडली. आई अजून गावातच आहे, शेजारची बाई रात्री सोबतीला येते.

ते दुसरं पत्र का लिहायला लावलं म्हणून बहीण अजून माझ्यावर रागावलेली आहे. तिचं म्हणणं, नाव राहिलं असतं तर काय बिघडलं असतं? बिघडतं ते यादीत आपल्या खाली असलेल्या पोराचं. राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत एकच हुशार मुलगा दोन-तीन पदांवर निवडला जायचा, रुजू एकीकडेच व्हायचा आणि बाकीच्या जागा अडायच्या. म्हणून तर आयोगाने अलीकडे अंतिम शिफारशीपूर्वी बाहेर पडायचा पर्याय दिला. चामोर्शी-एटापल्लीच्या पोरासाठी ती मोकळी झालेली एक जागा म्हणजे काय असते, हे मी वर्गात आणि त्यांच्या घरी पाहिलेलं आहे. खोटा होकार कंपनीला फारसा लागत नाही हो, त्या पोराला लागतो.

कंपनीने रुजू व्हायची तारीखच महिनोन्‌महिने पुढे ढकलली तर? तर मात्र दुसरीकडे खुशाल शोधावं, माझी काही हरकत नाही. शब्द आधी त्यांनी मोडला.

आपल्या गोतावळ्यात माणसं भरायचं काम करणारी तीन-चार मंडळी आहेत, हे वाचतातही. त्यांना एकच विचारायचं आहे: ही सोमवार पाचची वेळ ठरवतं कोण, आणि मंगळवारी सकाळी दहाला होकार आला तर नेमकं काय अडतं? कळवा. मी खरंच वाट पाहतोय, आणि मुदत वगैरे काही नाही.