जड चिप म्हणजे मौल्यवान चिप नव्हे

संपादक महोदय,

जुन्या पोकर चिप्सच्या खरेदीवरील आपल्या लेखातील तिन्ही निकष चुकीचे आहेत.

वजन: लास व्हेगासच्या कॅसिनोंतील 'क्ले' चिप साधारण 8.5 ते 10 ग्रॅमची असते. बाजारातल्या 11.5 ग्रॅमच्या चिपच्या पोटात बहुधा धातूची चकती असते. चुंबक लावून पाहा.

वय: लास व्हेगासचा 'सँड्स' कॅसिनो 1996 मध्ये बंद झाला, म्हणून त्याची प्रत्येक चिप दुर्मीळ ठरत नाही. किती उरल्या, यावर भाव ठरतो.

किंमत: विक्रेता सांगतो तो बाजारभाव नव्हे, तशाच चिपचे प्रत्यक्ष झालेले सौदे पाहावेत. झीज तपासण्यासाठी चिपच्या कडेवरून बोट फिरवावे. धार झिजून गोल झाली असेल, तर भाव उतरलाच पाहिजे.

नवख्यांचे पैसे बुडू नयेत, यासाठी दुरुस्ती छापावी.

– एक संग्राहक, ठाणे