विनोदी प्रणयकादंबरीची कैफियत

गंभीर वाचक म्हणून ज्यांची गणना होते अशा सद्गृहस्थांच्या कपाटात विनोदी प्रणयकादंबरी आढळलीच, तर ती बहुधा एखाद्या जाडजूड चरित्रग्रंथाच्या आड दडवलेली असते, आणि तिच्याविषयी पृच्छा होताच 'प्रवासात वेळ जावा म्हणून घेतली' असा जबाब मालक तत्परतेने देऊन मोकळा होतो. असा जबाब देण्याचे काही कारण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या वाङ्मयप्रकारावरील मुख्य आरोप असा की, नायक-नायिकेचे अखेरीस जुळणार हे पहिल्याच प्रकरणात कळते. आरोप खरा आहे, परंतु त्याने सिद्ध काहीच होत नाही. कारण शेवटाविषयीचे कुतूहल असे आरंभीच निकालात निघाले म्हणजे वाचकाचे सारे अवधान त्या दोन माणसांच्या स्वभावाकडे, त्यांच्या हट्टांकडे आणि ही माणसे एकमेकांना पात्र कशी ठरणार या अधिक सूक्ष्म प्रश्नाकडे वळते.

ग्रॅम सिम्शन या ऑस्ट्रेलियन लेखकाची, २०१३ साली प्रसिद्ध झालेली, 'द रोझी प्रोजेक्ट' ही कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मेलबर्नच्या विद्यापीठात अनुवंशशास्त्र शिकविणारा डॉन टिलमन हा तिचा नायक वाराप्रमाणे ठरलेले जेवण जेवतो, दिवसाचे प्रत्येक मिनिट हिशेबात धरतो आणि अनुरूप पत्नी मिळावी म्हणून एक प्रदीर्घ प्रश्नावली तयार करून उमेदवार स्त्रियांची रीतसर छाननी आरंभतो. धूम्रपान करणारी, वक्तशीरपणाचे वावडे असलेली आणि मद्यालयात काम करणारी रोझी या छाननीत पहिल्याच रकान्यात नामंजूर व्हावी हे उघड आहे. पण तिच्या जन्मदात्याचा शोध घेण्याच्या निमित्ताने हाच काटेकोर प्राध्यापक तिच्यामागे आपले सारे वेळापत्रक उधळून देतो. स्थळाच्या अर्जातील 'अपेक्षा' हा रकाना उंची, वर्ण आणि पगार यांनी काठोकाठ भरणाऱ्या आपल्या समाजाला ही प्रश्नावली परकी वाटण्याचे काहीच कारण नाही.

कथा डॉन स्वतःच सांगतो, आणि विनोदाचे मर्म तेथेच आहे. आरंभी तो अ‍ॅस्पर्गर लक्षणसमूहावर व्याख्यान देतो. ती लक्षणे त्याच्या स्वतःच्या ठायी आहेत हे वाचकाच्या ध्यानी येते, त्याच्या मात्र येत नाही. अशा माणसाला हसणे हे क्रौर्य नव्हे काय, अशी शंका येथे रास्त ठरते. परंतु कोट घातल्याखेरीज प्रवेश नाही असे उपाहारगृहातून बजावण्यात येताच, आपल्या अंगातील पावसाळी जाकीट कोटाहून कितीतरी सरस आहे हे तो ज्या प्रामाणिकपणे तेथील सेवकांना पटवू पाहतो, त्या प्रामाणिकपणामुळे हास्यास्पद ठरतो तो त्या संस्थेचा नियम! हसता हसता वाचक डॉनच्या बाजूला गेलेला असतो. आणि रोझीला त्याच्यात काय दिसले असेल, हे लेखकाला निराळे सांगावे लागत नाही. उत्तरार्धात डॉन फारच सहज सुधारतो, हा या पुस्तकाचा दोष मी मान्य करतो.

विनोदातून पात्राची योग्यता पटवण्याची ही रीत नवी नाही. जेन ऑस्टेनच्या, १८१३ सालच्या, 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधील एलिझाबेथ, नृत्यसमारंभात डार्सीने केलेली आपल्या रूपाची अवहेलना मैत्रिणींना हसत हसत सांगते, आणि तिची योग्यता तेथेच प्रस्थापित होते. हेलन फील्डिंगने १९९६ साली तोच सांगाडा, नायकाचे डार्सी हे आडनावसुद्धा न बदलता, ब्रिजेट जोन्सच्या रोजनिशीत उघडपणे वापरला. आज विनोदी प्रणयकादंबरी या नावाने बाजारात येणाऱ्या पुष्कळशा पुस्तकांत दोन देखण्या व्यक्तींच्या तोंडी चुरचुरीत कोट्या घालण्यापलीकडे काही नसते, हेही खरे. तेथे कोट्या काढून घेतल्या तर माणसे उरत नाहीत.

विनोदातून माणसे उभी करण्याचे हे रहस्य आपल्या रंगभूमीला मात्र फार पूर्वीच उमगले होते. मोलिएरच्या प्रहसनापासून उगम पावलेल्या देवलांच्या 'संगीत संशयकल्लोळा'त रेवती आणि अश्विनशेठ यांचे प्रेम संशयाच्या हास्यकारक कचाट्यातून तावूनसुलाखून निघते, आणि १९१६ सालचे ते नाटक रसिक अजूनही आवडीने पाहतात. कादंबरीच्या प्रांतात मात्र आपण प्रणयाची जहागीर ना. सी. फडक्यांच्या नावे करून दिली, विनोदाची चिं. वि. जोशींच्या चिमणरावाच्या नावे, आणि दोन्ही जहागिरींच्या सरहद्दीवर वस्ती फारशी होऊ दिली नाही. वधूवर सूचक मंडळांच्या दफ्तरांत अपेक्षांचे गठ्ठे धूळ खात पडले आहेत. एखाद्या मराठी कादंबरीकाराने ते आता मागवून घ्यावेत.