अमिरातीतील धर्मशिक्षक आणि ऑनलाइन प्रशिक्षणाची कसोटी

संयुक्त अरब अमिरातीतील चर्चची बातमी होते ती बहुधा मोठ्या प्रसंगी. पोप फ्रान्सिस यांनी ५ फेब्रुवारी २०१९ रोजी अबू धाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत मिस्साविधी केला, तेव्हा सुमारे १ लाख ८० हजार भाविक जमले होते. २०२३ मध्ये मशीद, चर्च आणि सिनेगॉग यांना एकाच आवारात सामावणारे अब्राहमिक फॅमिली हाऊस खुले झाले, त्याचीही जगभर दखल घेतली गेली. मात्र याच देशात दर आठवड्याला हजारो मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या स्वयंसेवी शिक्षकांविषयी क्वचितच लिहिले जाते. हे शिक्षक म्हणजे परिचारिका, हिशेबनीस, अभियंते, गृहिणी. त्यांना घडवायचे कोणी आणि कसे, या प्रश्नाला अलीकडे ‘ऑनलाइन अभ्यासक्रम’ हे उत्तर दिले जाते. ते उत्तर उपयुक्त आहे. परंतु पुरेसे आहे काय, हे तपासणे आवश्यक आहे.

अमिराती, ओमान आणि येमेन हे तीन देश कॅथलिक चर्चच्या दक्षिण अरबस्तान व्हिकारिएटमध्ये मोडतात. त्यांपैकी अमिरातीत ९ धर्मग्राम आहेत. अबू धाबीतील सेंट जोसेफ चर्च १९६५ मध्ये आणि दुबईतील सेंट मेरीज चर्च १९६७ मध्ये उभे राहिले. दुबईच्या चर्चसाठी जमीन शेख रशीद यांनी दिली होती. येथील भाविक जवळजवळ सर्वच स्थलांतरित असून भारतीय व फिलिपिनो लोकांचा त्यांत मोठा वाटा आहे. भाषा अनेक आणि धर्मगुरू मोजके, त्यामुळे मुलांच्या धर्मशिक्षणाचा भार प्रापंचिकांवर पडतो.

या शिक्षकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण सोयीचे का, हे येथील नोकरीचे स्वरूप पाहिले की स्पष्ट होते. रुग्णालयातील पाळ्या, दूरचे प्रवास आणि रुवैससारख्या औद्योगिक वसाहतीपासून अबू धाबीचे अंतर या साऱ्यामुळे ठरलेल्या दिवशी प्रशिक्षण केंद्रात येणे अनेकांना अशक्य होते. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे प्रार्थनास्थळे बंद झाली आणि त्याच सुमारास झूम, टीम्स यांसारख्या सेवांना देशात परवानगी मिळाली. पडद्यावरून शिकण्याची सवय लागली, ती नंतरही टिकली.

त्याच काळात रोमहून आलेल्या दोन दस्तऐवजांनी धर्मशिक्षकाच्या प्रशिक्षणाला नवे महत्त्व दिले. २०२० मध्ये धर्मशिक्षणाची नवी मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तीत डिजिटल संस्कृतीची स्वतंत्र चर्चा आहे. १० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला अधिकृत सेवापदाचा दर्जा दिला. स्थानिक चर्चला दिलेली स्थिर सेवा, अशी या पदाची कल्पना आहे. अमिरातीतील अडचण नेमकी येथेच आहे. ज्याचा निवासी परवाना नोकरीशी बांधलेला आहे, तो शिक्षक स्थिर कसा राहणार? नोकरी संपली की तो वसईला, कोचीला किंवा टोरोंटोला जातो आणि त्याने मिळवलेले ज्ञान व अनुभव त्याच्याबरोबर निघून जातो.

या दृष्टीने पाहता ऑनलाइन अभ्यासक्रमाचा खरा लाभ घरबसल्या शिकण्यापुरता नाही. देश बदलला तरी शिक्षण तुटत नाही, हा तो लाभ. अमेरिकेतील डेटन विद्यापीठ धर्मशिक्षकांसाठी काही आठवड्यांचे छोटे ऑनलाइन वर्ग चालवते आणि भागीदार धर्मप्रांतांतील विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत देते. असा अभ्यासक्रम दुबईत सुरू करून अन्यत्र पूर्ण करता येतो. व्यक्तीचे काम त्यामुळे होते. धर्मग्रामाची रिकामी झालेली जागा मात्र त्यामुळे भरत नाही.

दूरशिक्षणाचा जुना अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. १९६३ मध्ये ग्वाटेमालात, घर व काम सोडून सेमिनरीत येऊ न शकणाऱ्या पाळकांसाठी विस्तार-शिक्षणाची पद्धत सुरू झाली. भारतात त्याच धर्तीवर १९७१ मध्ये बंगळुरूला ‘टॅफटी’ ही संस्था निघाली. या पद्धतीचे तीन घटक होते: घरी स्वाध्याय, ठरावीक काळाने छोट्या गटाची बैठक आणि शिकलेल्याचा प्रत्यक्ष सेवेत उपयोग. आजच्या अनेक ऑनलाइन वर्गांत पहिला घटक उत्तम असतो. उरलेले दोन बहुधा शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेले असतात.

स्थानिक जबाबदारी टाळता येत नाही, याचे दुसरे कारण कायदा हे आहे. मुस्लिमांमध्ये अन्य धर्माचा प्रचार करण्यास अमिरातीत मनाई आहे. बिगरमुस्लिम प्रार्थनास्थळांच्या नियमनासाठी २०२३ मध्ये संघराज्याचा स्वतंत्र कायदा झाला. मुलांच्या हक्कांविषयीचा २०१६ चा ‘वदीमा’ कायदा बालकावरील अत्याचाराची माहिती कळवण्याचे कर्तव्य शिक्षकांसारख्या व्यावसायिकांवर घालतो. ओहायोत किंवा पुण्यात तयार झालेल्या धड्यात हे सारे असेलच असे नाही. वर्गाचे चित्रण समाजमाध्यमावर टाकावे की नाही, एखादे मूल काही गंभीर सांगू लागले तर प्रथम कोणाकडे जावे, हे येथील अनुभवी शिक्षकानेच नवख्याला सांगावे लागते.

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. वसईतील अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी आखातात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली आहेत. त्यांच्या घरातील प्रार्थनेची भाषा मराठी किंवा सामवेदीसारखी बोली. मुलांच्या धर्मवर्गाची भाषा मात्र प्रामुख्याने इंग्रजी. फादर थॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी मराठीत रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. इतकी समृद्ध परंपरा असलेल्या समाजातील मुलाला सुट्टीत आजीची प्रार्थना कळत नसेल, तर ते नुकसान धर्माचे आहे तसेच भाषेचेही आहे. इंग्रजी अभ्यासक्रमाला वसई धर्मप्रांतातील मराठी धर्मशिक्षकांच्या मार्गदर्शनाची जोड देणे तंत्रज्ञानाला आज अवघड नाही. दुबई आणि वसई यांच्या घड्याळांत अंतर आहे ते केवळ दीड तासाचे.

परदेशातील मराठी शाळा चालवणाऱ्यांना ही परिस्थिती परकी वाटू नये. तेथेही शिक्षक स्वयंसेवी असतात, नोकरीनिमित्त गाव बदलतात आणि एक उत्साही बाई गेल्या की वर्ग ओस पडतो. अमिरातीतील धर्मग्रामांनी किती प्रमाणपत्रे दिली याची यादी सहज मिळेल. त्याहून उपयोगी नोंद दुसरी आहे: प्रशिक्षित शिक्षकाने देश सोडला, त्या आठवड्यात त्याचा वर्ग कोणी घेतला, आणि त्या व्यक्तीची तयारी आधी कोणी करून घेतली होती.