स्वस्त गाडीत स्वस्त जीव बसत नाहीत



नवी गाडी बघायला शोरूममध्ये गेलात की हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक ठेवतात. पुढच्या पानांवर डोंगर, समुद्र आणि हसतं कुटुंब असतं. तुम्ही थेट शेवटचं पान उघडा. तिथे बारीक अक्षरांत एक तक्ता सापडेल. उभ्या रकान्यांत बेस मॉडेलपासून टॉप मॉडेलपर्यंतची नावं, आडव्या ओळींत एकेक सोय. जे मिळतं त्यापुढे बरोबरची खूण, जे मिळत नाही त्यापुढे आडवी रेघ. टचस्क्रीन, सनरूफ, ॲलॉय व्हील यांच्यापुढे रेघ असली तर आमची काही तक्रार नाही. ज्याला परवडेल त्याने घ्यावं. पण वर्षानुवर्षं त्याच तक्त्यात तशाच रेघेने एअरबॅग खोडल्या गेल्या, एबीएस ब्रेक खोडले गेले. आजही कित्येक गाड्यांच्या बेस मॉडेलमध्ये बाजूने धडक बसल्यावर वाचवणाऱ्या एअरबॅगपुढे तीच रेघ आहे. हे पत्रक त्या रेघेविरुद्ध आहे.

ती रेघ कंपनी ओढते, आणि विचार करून ओढते. जाहिरातीत झळकवायची ‘पासून सुरू’ची किंमत खाली आणायची, तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांना न दिसणारी वस्तू आधी काढायची, हा तो हिशेब. बंपरचा रंग गेला तर लगेच दिसतं. दाराच्या आतली पोलादी पट्टी, सीटचा पट्टा क्षणात आवळणारं यंत्र, छताच्या कडेला दुमडून ठेवलेली एअरबॅग गेली, तर ते कळतं फक्त अपघाताच्या दिवशी.

जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून बघितल्या. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. पाचही गाड्यांची एअरबॅग नसलेली साधी आवृत्ती घेतली होती. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या बचावासाठी पाचपैकी शून्य तारे मिळाले.

यातली पोलो आपल्या चाकणला बनत होती. तीच गाडी, तोच सांगाडा, दोन एअरबॅग बसवून पुन्हा आदळवली तेव्हा तिला चार तारे मिळाले. शून्य आणि चार यांच्यातलं अंतर कंपनीला आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते गिऱ्हाइकाला. निकाल चव्हाट्यावर आल्यावर फोक्सवॅगनने बिनएअरबॅगची पोलो विकणं बंद केलं. म्हणजे चाकणच्या त्याच कारखान्यात, त्याच कामगारांच्या हातून सुरक्षित गाडी बाहेर पडू शकत होती. नड होती ती फक्त कंपनीने ठरवण्याची.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मारुती स्विफ्ट आणि डॅटसन गो यांनाही शून्यच मिळालं. युरोपात स्विफ्ट याच नावाने एअरबॅगसह विकली जात होती. गोचा तर सांगाडाच इतका कमकुवत निघाला की नुसत्या एअरबॅग बसवूनही भागलं नसतं. ग्लोबल एनकॅपचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी डॅटसन बनवणाऱ्या निसानचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस घोन यांना पत्र लिहून ही गाडी भारतीय बाजारातून मागे घ्यायला सांगितलं होतं.

सांगाड्याची गोष्ट नीट समजून घ्या, कारण शोरूममध्ये त्याबद्दल कोणी बोलत नाही. धडक बसते तेव्हा गाडीच्या नाकाने चुरगळायचं असतं आणि माणसं बसतात ती जागा जशीच्या तशी राहायची असते. जोर नाकाने गिळला तर आतल्यांपर्यंत कमी पोचतो. धडकेनंतर सेकंदाच्या काही शतांश भागांत सेन्सर ओळखतो, पट्टा मागे खेचला जातो, एअरबॅग फुगते आणि छाती-डोकं तिच्यावर येऊन टेकतं. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं. सांगाडाच आत दबला तर स्टिअरिंग, डॅशबोर्ड, पेडल चालकावर चाल करून येतात, आणि मग एअरबॅग असून नसल्यासारखी. पोलादाची जाडी, त्याची प्रत आणि सांध्यांची ताकद यांवर हे ठरतं. पैसे वाचवायची हाव इथेही शिरते, आणि इथे ती शेवटच्या पानावरच्या तक्त्यातसुद्धा सापडत नाही.

चाकणच्या पोलोने २०१४ मध्ये सरकारला आणि कंपन्यांना उत्तर दाखवून दिलं होतं. तरी चालकासाठीची एक एअरबॅग सक्तीची व्हायला १ जुलै २०१९ उजाडला. शेजारच्या सीटवरच्या माणसासाठी बाजारातल्या सगळ्या गाड्यांना ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत मुदत मिळाली. म्हणजे मधली काही वर्षं कायद्याने चालकाला वाचवायचं होतं आणि शेजारी बसलेल्या बायकोला किंवा आईला नाही. कंपन्यांनीही कायद्याने मागितली तेवढीच दिली. मारुती एस-प्रेसो नोव्हेंबर २०२० मध्ये एका एअरबॅगसह आदळवली गेली आणि शून्यावर राहिली. भारतातच बनून दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या एस-प्रेसोमध्ये मात्र दोन एअरबॅग होत्या आणि २०२२ मध्ये तिने तीन तारे मिळवले. आपल्या देशातली माणसं ती गाडी बनवतात, जहाजात चढवतात, आणि स्वतः घरी न्यायची ती कमी सुरक्षित. याचा राग येत नसेल तर कशाचा येणार?

जानेवारी २०२२ मध्ये केंद्राने सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा मसुदा काढला. तारीख १ ऑक्टोबर २०२२ होती, ती वर्षभर पुढे ढकलली, आणि २०२३ मध्ये सक्ती करणार नाही असं खुद्द मंत्र्यांनीच जाहीर केलं. हे रस्ते वाहतूक मंत्री म्हणजे नागपूरचे नितीन गडकरी. एका एअरबॅगला जेमतेम ८०० रुपये लागतात, हे त्यांनीच संसदेत सांगितलं होतं. परदेशी पाठवायच्या गाडीत सहा देता, मग इथे का नाही, हा प्रश्नही त्यांचाच होता. प्रश्न बिनतोड होता. मग माघार कुणासाठी घेतली?

कंपन्यांची बाजू मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी मांडली होती: छोटी गाडी महाग झाली तर गरीब माणूस दुचाकीवरच राहील, आणि दुचाकी तर अधिक धोक्याची. यात तथ्य आहे. आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक माणसं दुचाकीवरचीच मरतात. पण म्हणून दुचाकीवरून उतरून पोटाला चिमटा काढत पहिली गाडी घेणाऱ्याला अपुरी गाडी द्यायची? एअरबॅगबरोबर सेन्सर आणि जोडणी येते, खर्च ८०० वर थांबत नाही, हेही मान्य करू. तरी तो पाच-सहा लाखांच्या गाडीत न मावण्याइतका नक्कीच नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि किमती हजारो रुपयांनी उतरल्या. किंमत वाढेल या भीतीचं तुणतुणं आता तरी बंद व्हावं.

गिऱ्हाइकालाच सुरक्षा नको असते, त्याला ॲव्हरेज आणि टचस्क्रीन हवी असते, हे दुसरं तुणतुणं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनला पाच तारे मिळाले. भारतीय बनावटीच्या गाडीला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे पहिल्यांदाच मिळत होते. त्यानंतर लोक शोरूममध्ये तारे विचारू लागले. माहिती मिळाली की गिऱ्हाईक शहाणपणाने निवडतं. त्याला माहितीच द्यायची नाही आणि वर त्यालाच दोष द्यायचा, हे चालणार नाही.

आता कुणी म्हणेल, कंपन्या सुधारल्या की. ह्युंदाईने २०२३ मध्ये आपल्या सगळ्या गाड्यांना सहा एअरबॅग दिल्या, मारुतीने २०२५ मध्ये अल्टो के१० आणि वॅगन-आरलाही दिल्या. चांगलं केलं, आणि ते मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. पण मर्जीने दिलेलं मर्जीने काढूनही घेता येतं. उद्या विक्री घटली, पोलाद महागलं, की पहिली रेघ कुठे ओढली जाईल हे आपण बघितलेलं आहे. मार्च २०२४ मध्ये सिट्रोएन ई-सी३ ला शून्य तारे मिळाले. तिच्यात कायद्याने सांगितलेल्या दोन एअरबॅग होत्या आणि ती राजरोस विकली जात होती. कायदा पाळूनही शून्य मिळत असेल, तर तो कायदा अपुरा आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. ती ऐच्छिक आहे. गाडी पुढे करायची की नाही हे कंपनी ठरवते. ज्याचा पेपर तपासायचा त्यालाच परीक्षेला बसायचं का ते विचारण्यासारखं हे आहे. आणि रस्ते मात्र थांबलेले नाहीत. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची परवानगी आहे. कायद्याने सक्तीची असलेली समोरच्या धडकेची चाचणी ताशी ५६ किलोमीटरची.

पट्ट्याबद्दलही बोललं पाहिजे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरातल्या या मृतांत सीटबेल्ट न लावलेली १६,७१५ होती, आणि त्यातले जवळजवळ निम्मे चालक नव्हते, प्रवासी होते. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मोटार अपघातात गेले, उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरमध्ये सूर्या नदीच्या पुलावर. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता. पट्टा लावणं आपलं काम आहे, त्यात सबब नको. पण पुढच्या सीटसाठी पट्ट्याची सूचना देणारी घंटी २०१९ मध्ये सक्तीची करताना मागच्या सीटला वगळलं गेलं. पट्टा नाही म्हणून पोलीस आपल्याकडून हजार रुपये घेतात. आठवण करून देणारी घंटी वगळणाऱ्याला कोणी पावती फाडली नाही.

म्हणून आमचं मागणं सरळ आहे. देशात विकली जाणारी प्रत्येक मोटार, तिचं सर्वांत स्वस्त मॉडेल, भारत एनकॅपमध्ये आदळवून तपासलंच पाहिजे. मिळालेले तारे शोरूममध्ये किमतीच्या पाटीवर, किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिले पाहिजेत; शून्य असेल तर शून्य. सहा एअरबॅगचा गुंडाळलेला मसुदा पुन्हा काढून त्याचा नियम झाला पाहिजे. टॅक्सी म्हणून आणि शाळेची मुलं नेण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गाड्यांना त्यातून कोणतीही सूट नको, कारण तिथे बसणाऱ्याने गाडी निवडलेली नसते. आणि भारतात बनलेली गाडी परदेशी ज्या सुरक्षेसह जाते, त्याहून कमी सुरक्षेची गाडी त्याच नावाने इथे विकायला बंदी हवी.

महाराष्ट्राचे ४८ खासदार लोकसभेत बसतात. आपल्या खासदाराच्या कार्यालयात जा, हे पत्रक द्या, आणि या मागण्यांवर संसदेत प्रश्न विचारणार का याचं उत्तर लेखी मागा. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी घेणार असाल, तर चाकाखाली लिंबू ठेवायच्या, हार घालायच्या कितीतरी आधी, बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी सेल्समनला विचारा: या गाडीला किती तारे आहेत, ते कुठल्या मॉडेलला मिळाले, आणि मी घेतोय त्या मॉडेलमध्ये त्यातलं काय काय नाही? उत्तर तोंडी घेऊ नका. कोटेशनवर लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. लिहून देत नसतील तर पैसे खिशात ठेवा आणि शेजारच्या शोरूममध्ये जा.