देवळीपासून जपान किती दूर?

११ मार्च २०११, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळचे ११ वाजून १६ मिनिटे झाली असताना जपानच्या ईशान्य किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली ९.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि तासाभराच्या आत समुद्र बंधारे ओलांडून गावांत शिरला. सुमारे सोळा हजार माणसे मृत्युमुखी पडली. अडीच हजारांहून अधिक माणसांचा आजतागायत पत्ता नाही. घरे आणि मोटारी पाण्यावर काडीकचऱ्यासारख्या वाहत जाताना साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर पाहिल्या, तशा त्या देवळीनेही पाहिल्या. परंतु पाहणे निराळे आणि आपले वाटणे निराळे. समुद्रापासून शेकडो कोस आत, काळ्या मातीच्या कापूसपट्ट्यात वसलेल्या या गावाने जपानला आपले मानावे, असे त्यात काय आहे?

विश्वबंधुत्व, असे उत्तर कोणीही देईल. शाळेच्या फळ्यावर ते शोभतेही. मात्र आपुलकी अशी घाऊक प्रमाणात उपजत नाही. तिला एखादे माणूस लागते, एखादी आठवण लागते. जपानच्या बाबतीत वर्धा जिल्ह्याला ती अन्यत्र शोधावी लागत नाही. देवळीहून अवघ्या सुमारे १८ किलोमीटरवर असलेल्या वर्ध्यात ती उभी आहे.

निचिदात्सु फुजी हे जपानी बौद्ध भिक्षू ऑक्टोबर १९३३ मध्ये वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. पुढे ते 'फुजी गुरुजी' म्हणून ओळखले गेले. त्यांच्या परंपरेतील एक जपानी साधू सेवाग्राम आश्रमात राहिला. आश्रमाने त्याला केशव हे नाव दिले. तो सकाळ-सायंकाळ हातातील छोट्याशा वाद्यावर ठेका धरून 'नम्यो हो रेंगे क्यो' हा मंत्र म्हणत असे. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला आणि एका रात्रीत हा निरुपद्रवी साधू 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' ठरला. सरकारी माणसे त्याला घेऊन गेली. जाताना आपले वाद्य तो गांधीजींपाशी ठेवून गेला आणि त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत कायम राहिला. ज्या देशाची विमाने पुढे काही महिन्यांत विशाखापट्टणम व काकीनाड्यावर बाँब टाकणार होती, त्या देशाचा मंत्र सेवाग्रामात रोज म्हटला जात होता!

ही भाबडी माया होती, असे मात्र कोणी समजू नये. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने वर्ध्यात 'चले जाव'चा ठराव संमत केला. त्याच महिन्यात गांधीजींनी 'हरिजन'मधून जपानी जनतेला उद्देशून एक अनावृत पत्र लिहिले. त्यात त्या साधूची आठवण प्रेमाने काढलेली आहे आणि चीनवरील जपानी आक्रमणाचा निषेधही तितक्याच परखडपणे केलेला आहे. भारतात आपले स्वागत होईल या भ्रमात जपानने राहू नये, असेही त्यात बजावलेले आहे. जिव्हाळा असल्यावाचून असे खडसावता येत नाही. परक्याच्या बाबतीत मनुष्य एकतर जयघोष करतो किंवा शिव्या देतो.

आपत्तीच्या वेळी ही कसोटी अधिकच कठीण होते, आणि तीत खुद्द गांधीजीही उणे पडले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपाला त्यांनी अस्पृश्यतेच्या पापाबद्दलची ईश्वरी शिक्षा म्हटले. हेतू उदात्त होता. पण ढिगाऱ्याखाली गाडल्या गेलेल्यांत स्पृश्यही होते आणि अस्पृश्यही. रवींद्रनाथांनी या विचारातील अवैज्ञानिकता स्पष्ट शब्दांत दाखवून दिली. गांधीजींनी ते पत्र 'हरिजन'मध्ये छापले, आपले मत मात्र सोडले नाही. २०११ मध्ये टोकियोचे तत्कालीन राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनीही त्सुनामीला दैवी शिक्षा म्हटले. भोवती संताप उसळताच दुसऱ्या दिवशी त्यांनी माफी मागितली. दोघांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. गांधीजींनी त्यात स्वतःच्या समाजाला आरोपी केले होते. तरीही आपत्तीचा अर्थ लावण्याची घाई झाली की आपद्‌ग्रस्त माणूस नजरेआड होतो, हे दोन्हीकडे सारखेच.

आणि जेथे खरोखर जबाबदारी ठरवायची असते, तेथे दैवाचे नाव फार सोयीचे पडते. फुकुशिमा अणुवीज केंद्रातील अपघात हा मानवनिर्मित होता, असा निष्कर्ष जपानी संसदेने नेमलेल्या चौकशी आयोगाने २०१२ मध्ये काढला. समुद्र कोणाच्या हाती नव्हता. तयारी हाती होती. भारतातून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे ४६ जणांचे पथक ओनागावा येथे मदतकार्यास गेले, ही अभिमानाची गोष्ट. पण जपानचे दुःख महाराष्ट्रात खऱ्या अर्थाने ज्यांच्या अंगाशी भिडले, ते लोक कोकणातले होते. जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाला तेथील ग्रामस्थांचा विरोध आधीपासूनच होता. फुकुशिमानंतर त्याला धार चढली आणि १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथील गोळीबारात एकाचा बळी गेला. प्रकल्पाविषयी मत काहीही असो, फुकुशिमाचा प्रश्न त्या मच्छीमारांच्या दृष्टीने परराष्ट्राचा उरला नव्हता.

देवळीला किनारा नाही, तेव्हा तिला तशी भीती नाही. पण देवळीचाही जगाशी एक रोखठोक संबंध आहे, तो कापसाचा. आणि तो जपानइतका सुखद नाही. २०२२ च्या पावसाळ्यात पाकिस्तानात महापूर आला. सतराशेंहून अधिक माणसे दगावली, सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांना झळ पोचली आणि सिंधमधील कापसाचे पीक मोठ्या प्रमाणावर पाण्याखाली गेले. त्याच वर्षी जुलैत वर्धा जिल्ह्यातही अतिवृष्टीने शेते खरवडून निघाली होती. म्हणजे दुःखाची जात एकच, पीकही एकच. तरीही पाकिस्तानातील पुराची बातमी कापसाच्या बाजारात आली ती भाववाढीच्या अंदाजाच्या रूपाने. आपले बुडालेले पीक भरून निघण्याची आशा शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या बुडालेल्या पिकात शोधावी, यात त्याचा दोष काढणे अन्यायाचे ठरेल. कर्जाच्या हप्त्याला सीमा ठाऊक नसतात.

दोष असलाच तर ओळखीच्या अभावाचा आहे. जपानचा एक साधू काही काळ सेवाग्रामात राहिला, एवढ्यावर एक देश वर्ध्याच्या परिचयाचा झाला. आज तेथे गीताई मंदिराशेजारी विश्वशांती स्तूप उभा आहे आणि शाळांच्या सहली तो पाहून जातात. सिंधचा कोणी माणूस असा देवळीच्या परिसरात येऊन राहण्याची शक्यता आजच्या राजकारणात शून्य. तेथील कापूस वेचण्याचे काम देवळीच्या शिवाराप्रमाणेच मुख्यतः बायाच करतात. त्या वर्षी त्यांची वेचणीची मजुरी पुरात गेली. भावाच्या अंदाजात तिचा आकडा कोठेही नव्हता.